आयसीयूतून वॉर्डात: रुग्ण हलवण्याआधी, हलवताना आणि त्यानंतर

सकाळच्या राउंडला ‘यांना आज वॉर्डात पाठवू’ असे ठरलेला रुग्ण त्याच दिवशी वॉर्डात पोहोचेलच, असे कुठल्याही अतिदक्षता विभागात खात्रीने सांगता येत नाही. वॉर्डातला बेड दुपारपर्यंत रिकामा होत नाही. तो रिकामा झाला, तर मूळ विभागाचे डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकलेले असतात. ते भेटेपर्यंत सिस्टरांची शिफ्ट बदलते. मग रात्री उशिरा आपत्कालीन विभागातून नवा गंभीर रुग्ण येतो आणि दिवसभर रखडलेला हाच रुग्ण अर्ध्या तासात, अर्धवट कागदांसह वॉर्डात पाठवला जातो. विलंब आणि घाई या परस्परविरुद्ध गोष्टी वाटतात, पण बहुतेक वेळा दोन्हींचे मूळ एकच असते: निर्णय झालेला असतो, तयारी झालेली नसते. ही तयारी कशी करावी आणि ती कुठे अडते, हे येथे क्रमाने मांडले आहे. ‘डिस्चार्ज’ हा शब्द या लेखात आयसीयूतून त्याच रुग्णालयाच्या वॉर्डात किंवा एचडीयूसारख्या (हाय डिपेंडन्सी युनिट, म्हणजे आयसीयूपेक्षा कमी पण वॉर्डापेक्षा जास्त देखरेख असलेल्या) मधल्या विभागात जाणे एवढ्याच अर्थाने वापरला आहे.

पायरी १: निकष आधी लिहून ठेवावेत

‘रुग्ण स्थिर आहे’ हे वाक्य जितक्या वेळा उच्चारले जाते, तितके अर्थ त्याला असतात. अमेरिकेतील सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक आयसीयूने डिस्चार्जचे स्वतःचे निकष धोरण म्हणून ठरवलेले असावेत. रुग्णाची शारीरिक स्थिती सावरलेली असावी आणि आयसीयूतील देखरेखीची वा उपचारांची गरज उरलेली नसावी, हा त्यामागचा आधार आहे. लेखी निकष नसतील तर निर्णय त्या दिवशीच्या वरिष्ठांच्या स्वभावावर जातो: एक जण दोन दिवस जास्त ठेवतो, दुसरा दोन दिवस आधी पाठवतो, आणि वॉर्डातल्या मंडळींना आपल्याकडे नेमका कोणत्या अवस्थेतला रुग्ण येणार याचा अंदाज बांधता येत नाही.

निकषांत किमान पुढील गोष्टींची स्पष्ट नोंद असावी. श्वसनमार्ग रुग्ण स्वतः सांभाळतो का, म्हणजे खोकला जोरकस आहे का आणि कफ बाहेर काढता येतो का. वॉर्डात देता येईल एवढ्याच ऑक्सिजनवर त्याचे भागते का. रक्तदाब टिकवणारी औषधे बंद होऊन किती तास लोटले. शुद्ध कशी आहे आणि ती गेल्या दिवसभरात बदलली का. लघवीचे प्रमाण, लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडल्यास रक्तात वाढणारा घटक), पोटॅशियम यांची दिशा कोणती आहे. दिशा हा शब्द महत्त्वाचा आहे. मिनिटाला २४ श्वास घेणारा रुग्ण काल ३२ वर असेल तर तो सुधारतो आहे आणि काल १८ वर असेल तर तो घसरतो आहे. सकाळी सात वाजताचा एकच आकडा पाहणाऱ्याला या दोघांत फरक दिसत नाही.

परत आयसीयूत येण्याचा धोका मोजणारी गुणांकनेही आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्विफ्ट’ या गुणांकनात रुग्ण आयसीयूत कुठून आला, किती दिवस राहिला, शेवटचे ऑक्सिजनचे गुणोत्तर (रक्तातील ऑक्सिजन आणि दिलेला ऑक्सिजन यांचे), शुद्धीचा ग्लासगो स्कोअर आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड या पाच गोष्टी धरल्या जातात. असे गुणांकन सावध करण्यासाठी वापरावे, परवानगी देण्यासाठी नव्हे. गुण कमी आले म्हणून पाठवले, हे कारण फाइलमध्ये शोभते, पण रुग्णाच्या उशाशी बसलेल्या सिस्टरांना काय वाटते हे विचारल्याशिवाय ते अपुरे राहते.

पायरी २: गेल्या २४ तासांतील न लिहिलेल्या कामाचा हिशेब करावा

डिस्चार्जच्या निर्णयात सर्वांत जास्त चुकणारी जागा हीच आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबणे योग्य ठरेल.

समजा, न्यूमोनियातून सावरणारा एक वयस्क रुग्ण आहे. नाकातल्या नळीने मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन चालू आहे, रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता ९५ टक्के आहे, नाडी ८८, श्वास २०, रक्तदाब औषधाविना चांगला. चार्टवर आक्षेप घ्यावा असे काहीही नाही. प्रत्यक्षात मात्र रात्रपाळीच्या सिस्टरांनी त्याचा घसा दर तास-दीड तासाने सक्शनने (यंत्राने कफ ओढून) मोकळा केलेला असतो, तो उशीवरून घसरला की प्रत्येक वेळी वर सरकवून ताठ बसवलेले असते, दोनदा तोंडावरून ओढून काढलेली नळी परत लावलेली असते आणि गोंधळलेल्या अवस्थेत तो बेडवरून उतरू पाहत असताना शेजारी उभे राहून त्याला समजावलेले असते. हे आकडे त्या सेवेमुळे चांगले आहेत. आयसीयूत एका सिस्टरकडे एक किंवा दोन रुग्ण असतात. वॉर्डात एका सिस्टरकडे त्याच्या कितीतरी पट रुग्ण असतात. वॉर्डात सक्शन पाळीत दोन-तीनदाच झाले, तर दुसऱ्या रात्री कफ साचून ऑक्सिजन खाली येतो आणि ‘अचानक बिघडले’ अशी नोंद होते. त्यात अचानक असे काही नसते.

म्हणून निर्णय घेण्यापूर्वी रात्रपाळी आणि सकाळपाळी अशा दोन्ही सिस्टरांना ठरावीक प्रश्न विचारावेत. गेल्या २४ तासांत सक्शन किती वेळा लागले? मॉनिटरचा अलार्म वाजल्यामुळे प्रत्यक्ष काही करावे लागले असे किती वेळा झाले? रुग्ण कितीदा गोंधळला, नळ्या ओढल्या का? तोंडाने खाताना ठसका लागला का? किती जणांनी मिळून त्याला उठवले? मग एक सोपी चाचणी करता येते: हलवण्याच्या आदल्या दिवशी त्याला आयसीयूतच वॉर्डासारखे ठेवावे. नोंदी तासाऐवजी चार तासांनी घ्याव्यात, सक्शन मागणीप्रमाणे करावे, सततचे मॉनिटरिंग वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे नसेल तर थांबवावे. ही रात्र नीट गेली तर वॉर्डातील रात्रही नीट जाण्याची शक्यता वाढते, आणि नाही गेली तर आवश्यक ती मदत दोन पावलांवर असते. बेडची टंचाई असताना ही चैन परवडत नाही असे म्हटले जाते. परंतु ४८ तासांत परत आलेला रुग्ण त्याहून जास्त बेड अडवतो, आणि परत आलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे.

पायरी ३: ‘बेड आहे का’ या प्रश्नाआधी ‘सेवा आहे का’ हे पाहावे

रिकामा बेड म्हणजे योग्य बेड नव्हे. रुग्णाच्या गरजांची यादी हातात घेऊन वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरांशी बोलावे: भिंतीवरचे सक्शन चालते का, बेड परिचारिका कक्षाजवळ आहे का, ट्रॅकिओस्टोमीची (श्वासासाठी गळ्यातून श्वासनलिकेत बसवलेल्या नळीची) काळजी घेण्याचे प्रशिक्षण मिळालेले कोणी प्रत्येक पाळीत आहे का, रात्री निवासी डॉक्टर किती वॉर्ड सांभाळतात. ट्रॅकिओस्टोमी असलेल्या रुग्णाबाबत कोणतीही सवलत देऊ नये. आतली नळी नियमित साफ होणे, हवेला ओलावा मिळणे, बेडशेजारी त्याच मापाची आणि एक माप लहान अशी पर्यायी नळी ठेवलेली असणे आणि नळी अडल्यास काय करायचे याचा तक्ता समोर लावलेला असणे, यांपैकी एकही गोष्ट कमी असेल तर बेड रिकामा असूनही तो वॉर्ड त्या रुग्णासाठी तयार नाही.

जिथे एचडीयू आहे तिथे हा प्रश्न बराच सुटतो. जिथे नाही, तिथे वॉर्डातील दोन-चार बेड जास्त मनुष्यबळ देऊन राखून ठेवणे हा व्यवहार्य मार्ग आहे. मात्र अशा बेडवर इतर कारणांनी रुग्ण भरले जाऊ लागले की महिन्याभरात ती सोय नावापुरती उरते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

पायरी ४: वेळ ठरवावी आणि रात्र टाळावी

आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००७ च्या आपल्या मार्गदर्शिकेत रात्री १० ते सकाळी ७ या वेळेत आयसीयूतून वॉर्डात रुग्ण हलवणे शक्यतो टाळावे आणि हलवावेच लागले तर ती अनिष्ट घटना म्हणून नोंदवावी, असे सांगितले आहे. रात्री हलवलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे आणि आयसीयूत परत येण्याचे प्रमाण जास्त असते, हे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. अंधार हे त्याचे कारण नाही. रात्री पाठवलेले रुग्ण बहुधा तयारी झाली म्हणून गेलेले नसतात, तर दुसऱ्या कोणासाठी बेड हवा म्हणून गेलेले असतात. शिवाय त्यांना स्वीकारणाऱ्या वॉर्डात त्या वेळी माणसे कमी असतात आणि वरिष्ठ घरी असतात.

यावर उपाय संध्याकाळीच करावा लागतो. रोज दुपारच्या पाळीत ‘उद्या कोण जाऊ शकेल’ आणि ‘आज रात्री बेड लागलाच तर सर्वांत आधी कोण’ अशा दोन याद्या वरिष्ठांनी करून ठेवाव्यात. दुसऱ्या यादीतील पहिल्या नावाचे कागद, औषधांचा तक्ता आणि वॉर्डाशी बोलणे संध्याकाळीच पूर्ण व्हावे. मग रात्री तो रुग्ण हलवावा लागला तरी निदान तयारीनिशी जाईल आणि रात्रपाळीच्या कनिष्ठ डॉक्टरांवर दोन वाजता रुग्ण निवडण्याची वेळ येणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी किंवा सलग सुट्ट्यांच्या तोंडावर पाठवतानाही हाच विचार करावा, कारण फिजिओथेरपी आणि मूळ विभागाचे वरिष्ठ थेट सोमवारी भेटणार असतील तर तो रुग्ण दोन दिवस केवळ पडून राहतो.

दिवसा होणाऱ्या विलंबाचे गणित वेगळे आहे. ब्रिटनमधील अतिदक्षता सेवेच्या मानकांनुसार निर्णय झाल्यापासून चार तासांच्या आत रुग्ण हलायला हवा. वॉर्डातले रुग्ण सकाळी लवकर घरी गेले नाहीत तर आयसीयूचे रुग्ण खाली उतरू शकत नाहीत आणि आयसीयूत जागा नसल्याने नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागतात. त्यामुळे हा विलंब आयसीयूने एकट्याने सोडवण्यासारखा नसतो. सकाळच्या पहिल्या तासात बेड व्यवस्थापक, वॉर्ड, शस्त्रक्रियागृह आणि आयसीयू यांच्या प्रतिनिधींनी दहा मिनिटे एकत्र उभे राहून दिवसाचा हिशेब मांडणे हा उपाय साधा आहे, पण त्याला निर्णयाचे अधिकार असलेला माणूस हजर असावा लागतो. निरोप्या पाठवून भागत नाही.

पायरी ५: नळ्या काढाव्यात, औषधे तपासावीत

धमनीतील नळी वॉर्डात जाता कामा नये. ती निसटली तर काही मिनिटांत मोठा रक्तस्राव होतो आणि पडद्याआडच्या बेडवर तो वेळीच दिसेलच असे नाही. मानेतील किंवा मांडीतील मध्यवर्ती शिरेची नळी गरज नसेल तर काढावी, आणि निघण्याच्या काही तास आधी काढावी. दारात स्ट्रेचर उभे असताना ती ओढून काढण्याची सवय वाईट आहे, कारण रुग्णाला सपाट झोपवणे, पुरेसा वेळ दाब देणे, हवा आत जाणार नाही अशी पट्टी लावणे आणि नंतर जागेवर लक्ष ठेवणे या सर्वांना वेळ लागतो. नळी ठेवायचीच असेल तर ती का ठेवली, कधी घातली आणि कधी काढायची हे तिन्ही लिहावे. लघवीच्या कॅथेटरलाही हाच नियम लावावा.

औषधांचा तक्ता तीन भागांत तपासला तर चूक सापडते. पहिला भाग घरच्या औषधांचा: थायरॉइडची गोळी, फिट येऊ नये म्हणून दिलेले औषध, रक्त पातळ करणारी औषधे, रक्तदाबाच्या गोळ्या. दाखल करताना थांबवलेली ही औषधे कोणी, कधी सुरू करायची याचा निर्णय लिहिलेला नसेल तर ती आठवडेच्या आठवडे बंद राहतात. दुसरा भाग आयसीयूपुरत्या सुरू केलेल्या औषधांचा. जठरात व्रण होऊ नये म्हणून दिलेले आम्लरोधक, रात्रीच्या गोंधळासाठी दिलेले हॅलोपेरिडॉल किंवा क्वेटियापीन आणि झोपेची औषधे गरज संपल्यावरही चालू राहतात आणि थेट घरी जातानाच्या कागदावर उतरतात, हे अनेक पाहण्यांत आढळले आहे. प्रत्येक औषधापुढे थांबवण्याची तारीख किंवा अट लिहावी. अँटिबायोटिकपुढे ‘आज कितवा दिवस, एकूण किती’ असे लिहावे.

तिसरा भाग मार्ग बदललेल्या औषधांचा, आणि इन्शुलिन हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. शिरेतून दिलेल्या इन्शुलिनचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो. त्यामुळे त्वचेखाली देण्याचे दीर्घकाळ काम करणारे इन्शुलिन ड्रिप बंद करण्याच्या साधारण दोन तास आधी द्यावे लागते. हा मधला काळ चुकला तर रुग्ण वॉर्डात पोहोचतो तेव्हा साखर चढलेली असते आणि दोष वॉर्डावर येतो. आयसीयूत सुरू केलेले हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइडही असेच लक्षात ठेवावे लागते: ते कोणत्या कारणासाठी होते आणि कसे कमी करायचे हे कागदावर नसेल, तर एक तर ते एकाएकी बंद होते किंवा कधीच बंद होत नाही.

पायरी ६: रुग्णाला आणि नातेवाइकांना आधी सांगावे

आयसीयूत घाबरलेले नातेवाईक वॉर्डात जाण्याच्या बातमीने अधिक घाबरतात, याचे डॉक्टरांना नेहमी आश्चर्य वाटते. त्यांच्या बाजूने पाहिले तर मॉनिटर आणि शेजारी बसलेल्या सिस्टर हीच सुरक्षिततेची खूण होती, आणि तीच काढून घेतली जाते आहे. ‘बेड लागतोय म्हणून हलवतोय’ हे वाक्य त्यांच्या कानावर पडले तर पुढचे सारे समजावणे वाया जाते.

म्हणून शक्य असेल तेव्हा एक दिवस आधी बोलावे. वॉर्डात सिस्टर किती वेळाने येतील, भेटीच्या वेळा काय असतील, कोणते डॉक्टर पाहतील आणि काय दिसले तर लगेच बोलवायचे हे ठोस शब्दांत सांगावे. ‘बरे वाटत नसेल तर सांगा’ असे मोघम न सांगता ‘श्वास जोरात चालू लागला, नेहमीपेक्षा जास्त झोपाळू वाटले, बोलणे असंबद्ध झाले किंवा लघवी कमी झाली तर थांबू नका’ असे सांगावे. वॉर्डाच्या सिस्टर आयसीयूत येऊन पाच मिनिटे भेटून गेल्या तर त्याचा परिणाम छापील पत्रकापेक्षा जास्त होतो. भीतीदायक स्वप्ने, आठवणींतली पोकळी, कमालीचा अशक्तपणा हे गंभीर आजारानंतर अनेकांना होते, हेही येथेच सांगून ठेवावे.

पायरी ७: हँडओव्हर एकाच रुग्णाचे, दोन वेळा, दोन प्रकारे

डॉक्टरांनी डॉक्टरांना आणि सिस्टरांनी सिस्टरांना, तोंडी आणि लेखी असे दोन्ही प्रकारे रुग्ण सोपवावा. एसबीएआर ही रचना, म्हणजे सध्याची स्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि शिफारस, यासाठी पुरेशी आहे. अडथळा रचनेत नसून लांबीत असतो: तीन आठवड्यांच्या मुक्कामाचा सहा पानी सारांश रात्रीचे डॉक्टर वाचत नाहीत. पहिल्या अर्ध्या पानावर चारच गोष्टी असाव्यात: सध्या चालू असलेल्या समस्या, पुढच्या ४८ तासांत काय बिघडू शकते, तसे झाल्यास पहिले काय करायचे, आणि प्रलंबित तपासण्या कोण पाहणार.

दोन नोंदींची टाळाटाळ सर्वांत जास्त होते. एक, प्रकृती पुन्हा ढासळल्यास या रुग्णाला आयसीयूत परत घ्यायचे का, व्हेंटिलेटर लावायचा का, हृदय थांबल्यास पुनरुज्जीवन करायचे का. हा निर्णय रुग्णाशी आणि कुटुंबाशी बोलून, वरिष्ठांनी, हलवण्यापूर्वी नोंदवायला हवा. दुसरी, जबाबदारी कोणत्या क्षणापासून कोणाची. बेड बदलला पण मूळ विभागाच्या डॉक्टरांनी अजून पाहिले नाही, अशा मधल्या तासांत रुग्ण कोणाचाच नसतो. स्वीकारणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि वेळ लिहिल्याशिवाय स्ट्रेचर हलू नये.

पायरी ८: प्रत्यक्ष हलवणे

निघण्यापूर्वी नाडी, रक्तदाब, श्वास, संपृक्तता अशा नोंदींचा एक पूर्ण संच घ्यावा, ऑक्सिजनचा सिलिंडर अपेक्षित वेळेच्या दुप्पट पुरेल एवढा भरलेला आहे हे पाहावे, लिफ्ट आधी सांगून ठेवावी आणि रुग्णाला ओळखणाऱ्या सिस्टर सोबत जाव्यात. वॉर्डात पोहोचल्यावर तोच संच पुन्हा घ्यावा. तुलना करायला हे दोन संच लागतात.

पायरी ९: पहिले ४८ तास

रुग्ण खाली गेला की आयसीयूचा संबंध संपतो, ही समजूत बदलणाऱ्या व्यवस्था ब्रिटनमध्ये ‘आउटरीच’ आणि ऑस्ट्रेलियात ‘लायझन नर्स’ या नावांनी उभ्या राहिल्या. स्वतंत्र पथक शक्य नसेल तर आयसीयूच्या एका अनुभवी सिस्टरांनी दर दिवशी कालच्या डिस्चार्ज झालेल्या रुग्णांना भेटून यावे, एवढे तरी करावे. रुग्णाला पाहण्याइतकेच वॉर्डाच्या सिस्टरांना काही अडते आहे का हे विचारणेही त्या भेटीचे काम असते.

बिघाड वेळीच ओळखण्यासाठी एकसारखी गुणपद्धत वापरावी. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज-२’ पद्धतीत श्वासाची गती, संपृक्तता, ऑक्सिजनची गरज, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान यांचे गुण मोजतात. एकूण ५ झाल्यास तातडीने पाहावे आणि ७ किंवा अधिक झाल्यास आणीबाणी समजावी, असे तिचे ढोबळ टप्पे आहेत. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचण्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी संपृक्ततेची वेगळी श्रेणी, म्हणजे ८८ ते ९२ टक्के, धरली जाते. कोणती श्रेणी लागू आहे हे हँडओव्हरमध्येच लिहावे, नाहीतर आकडा वर आणण्यासाठी ऑक्सिजन वाढवला जातो आणि रुग्ण गुंगीत जातो. गुण वाढल्यावर कोणाला फोन करायचा तो क्रमांक बेडशेजारी असावा. वॉर्डाने फोन केला आणि पलीकडून ‘एवढ्यासाठी कशाला’ असा सूर आला, तर पुढचा फोन उशिरा येतो.

याच काळात गिळण्याची तपासणी, उठवून बसवणे आणि आहार यांची योजना सुरू राहिली पाहिजे. नाइसच्या २००९ च्या सूचनांप्रमाणे पुनर्वसनाचे मूल्यमापन आयसीयूतच सुरू होऊन ते वॉर्डात आणि पुढे घरी गेल्यावरही चालू राहायला हवे.

पायरी १०: मोजावे, पण आकड्याला फसू नये

पुढील चार वेळांची नोंद ठेवणे पुरेसे असते: निर्णयाची वेळ, बेड मागितल्याची वेळ, बेड तयार झाल्याची वेळ आणि रुग्ण निघाल्याची वेळ. यातून अडथळा कुठल्या टप्प्यात आहे हे दिसते. ‘वॉर्डात बेड मिळत नाही’ ही तक्रार तपासली, तर काही वेळा बेड मागितलाच दुपारी तीन वाजता गेलेला आढळतो. त्याबरोबर रात्री हलवलेल्या रुग्णांची संख्या आणि ४८ तासांत अनपेक्षितपणे परत आलेल्यांची संख्या ठेवावी.

परत येणाऱ्यांचे प्रमाण शून्यावर आणण्याचा हट्ट मात्र धरू नये. ते शून्य असेल तर बहुधा आयसीयू रुग्णांना गरजेपेक्षा जास्त दिवस धरून ठेवत आहे. परत आलेल्या प्रत्येक रुग्णाची फाइल आयसीयू आणि वॉर्ड या दोन्हीकडच्या डॉक्टरांनी व सिस्टरांनी आठवड्याभरात एकत्र बसून पाहावी आणि तीनच प्रश्न विचारावेत: हलवताना काही दिसत होते का, वॉर्डाला ते कळवले होते का, आणि बिघडू लागल्यापासून कोणी पाहीपर्यंत किती वेळ गेला. उत्तरे ज्या निकषाकडे बोट दाखवतील, तो निकष पहिल्या पायरीतील यादीत त्याच बैठकीत दुरुस्त करावा.